अकराव्या दिवशीचे मनगट : कोल्हापुरातल्या एका बाल पैलवानाच्या वाढत्या हाडाचे प्रकरण

तेरा वर्षे चार महिने वयाचा एक मुलगा उजवे मनगट दुखते म्हणून माझ्याकडे आला, तेव्हा त्याला पडून अकरा दिवस झाले होते. हा आकडा सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर उभा आहे. तोच मुलगा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आला असता तर भूल देऊन मी त्याचे हाड अलगद ओढून जागेवर बसवले असते. अकराव्या दिवशी मी ते केले नाही, आणि का केले नाही हे त्याच्या वडिलांना, त्याच्या वस्तादांना आणि माझ्याकडे शिकायला असलेल्या दोन तरुण डॉक्टरांना सांगताना हाड कशाचे बनते, ते कुठून वाढते आणि ते कोणकोणती कामे करते, हे सगळे मुळापासून मांडावे लागले. मुलाची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

घटना आणि पहिले अकरा दिवस

मुलगा पन्हाळा तालुक्यातल्या एका ऊसकरी शेतकऱ्याचा. दोन वर्षांपासून तो कोल्हापूर शहरातल्या एका जुन्या तालमीत राहून कुस्ती शिकत होता. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग तांबड्या मातीच्या हौद्यात लढती, दुपारी शाळा आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत, असा त्याचा दिनक्रम होता. ज्या गावात १९१२ साली बांधलेले कुस्तीचे खासबाग मैदान आजही दिमाखात उभे आहे, त्या गावात असा दिनक्रम कोणाला फारसा कठोर वाटत नाही. या तालमीचे वस्ताद मुलांची उंची भिंतीवर खडूने आखून ठेवतात, आणि त्या खुणांवरून असे दिसत होते की गेल्या वर्षभरात हा मुलगा जवळजवळ नऊ सेंटिमीटरने वाढला होता. ही खूण मला पुढे एक्स-रेइतकीच उपयोगी पडली.

चैत्रातल्या जत्रांचा हंगाम जवळ आला होता आणि गावच्या जत्रेत त्याची जोड ठरली होती. सरावात त्याच्यापेक्षा दहा-बारा किलोंनी जड असलेल्या मुलाने त्याला ढाक या डावाने आपटले. पडताना हात टेकायचा नाही, अंग गोल करून खांद्यावर यायचे, हे तालमीत पहिल्या महिन्यापासून शिकवतात. तरीही त्या क्षणी उजवा तळहात आपसूक पुढे गेला आणि सगळा भार मनगटावर आला. मनगट लगेच सुजले. हात मुरगळला असे समजून त्याला ओळखीच्या हाडवैदाकडे नेण्यात आले. त्यांनी हात ओढून पाहिला, लेप लावला, कामट्या घालून पट्टी बांधली, आणि चौथ्या व आठव्या दिवशी पट्टी सोडून, तेल लावून, चोळून आणि पुन्हा ओढून ती परत बांधली. अकराव्या दिवशी बोटे सुजल्याने मुलाला झोप येईना, म्हणून वडील त्याला एस.टी.ने माझ्याकडे घेऊन आले.

हाडवैदांविषयी डॉक्टरांच्या बैठकीत जे बोलले जाते ते मला सरसकट पटत नाही. कामट्या बांधून हात स्थिर ठेवणे ही मुळात योग्य कृती होती आणि बांधणी मी पाहिली ती वाईट नव्हती. बांबूसारख्या झाडांच्या कामट्यांनी मोडलेला अवयव बांधण्याची रीत सुश्रुतसंहितेतही आहे; लहान वयात सांधा महिन्याभरात जुळतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, हे निरीक्षणही तेथे नोंदलेले आहे आणि ते आजच्या अनुभवाशी बरेचसे जुळते. चूक झाली ती चौथ्या आणि आठव्या दिवशी. जुळू लागलेल्या जागी पुन्हा पुन्हा चोळणे आणि ओढणे मोठ्या माणसाच्या हाडालाही चांगले नाही, पण तेरा वर्षांच्या मुलाच्या मनगटात त्याचा धोका वेगळ्याच जातीचा असतो.

तपासणी

मनगटाच्या पाठीकडे फुगवटा होता आणि बाजूने पाहिल्यास हात किंचित जेवणाच्या काट्यासारखा वाकलेला दिसत होता. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांची संवेदना शाबूत होती, अंगठा व तर्जनी जुळवून गोल करता येत होता, नाडी लागत होती आणि नखे दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी होत होती. म्हणजे मनगटातून जाणारा मुख्य मज्जातंतू दबलेला नव्हता. बोटांची सूज पट्टी घट्ट झाल्यामुळे आली होती. पट्टी सोडून हात उशीवर उंच ठेवल्यावर ती संध्याकाळपर्यंत ओसरली.

एक्स-रे काढला. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात: अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. रेडियसच्या मनगटाकडच्या टोकाची टोपी हाडाच्या दांड्यावरून पाठीकडे सुमारे एक तृतीयांश सरकली होती आणि १८ अंशांनी कलली होती. टोपीसोबत दांड्याचा एक लहान त्रिकोणी तुकडाही गेला होता. अल्नाच्या टोकाचा अगदी बारीक कण निघालेला होता, त्याचे विशेष काही नव्हते. आणि मोडलेल्या जागेभोवती, पाठीकडच्या बाजूला, ढगासारखी पुसट सावली दिसत होती. ती सावली म्हणजे नवे हाड. हात जुळायला लागला होता, पण वाकड्या जागी.

टोपी आणि दांडा यांच्यामध्ये एक्स-रेत जी काळी रेघ दिसते तिला वडिलांनी बोट लावले आणि विचारले, "साहेब, हितं मोडलंय न्हवं? केवढी फट पडलीया." ती फट मोडल्यामुळे पडलेली नव्हती. डाव्या, धडधाकट मनगटाच्या फिल्ममध्येही ती तशीच होती. एक्स-रेत खनिज दिसते, कूर्चा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक ऊतक, दिसत नाही. आणि ती काळी रेघ म्हणजे कूर्चेची वाढपट्टी, जिला आम्ही रोजच्या बोलण्यात ग्रोथ प्लेट म्हणतो. या प्रकरणात जी गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती ती नेमकी फिल्मवर न दिसणारी होती, आणि ही अडचण शिकाऊ डॉक्टरांना समजावणे वडिलांना समजावण्यापेक्षा अवघड गेले.

हाड कशाचे आणि ते वाढते कुठून

हाड हा दगडासारखा निर्जीव खांब नसून ते रक्त पिणारे, झिजणारे आणि रोज नव्याने बांधले जाणारे ऊतक आहे. त्याच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. उरलेल्यात पाणी आणि मुख्यतः कोलॅजन नावाचे प्रथिन असते. दोन्हींचे काम वेगळे आहे, आणि ते घरीही पाहता येते. कोंबडीच्या तंगडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड चुलीत जाळले तर कोलॅजन जळून जाते आणि आकार तसाच राहूनही ते बोटाच्या दाबाने भुगा होते. खनिज दाब सोसते, कोलॅजन ताण सोसते. मुलांच्या हाडात खनिजाचे प्रमाण तुलनेने कमी आणि सच्छिद्रता अधिक असते, म्हणून मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे वाकते, चिमटते, एका बाजूने फाटते, आणि प्रौढांच्या हाडासारखे कडाड तुटण्याचे प्रमाण कमी असते.

हाडाची बाहेरची भिंत घट्ट आणि आतली, विशेषतः टोकांकडची, बांधणी जाळीदार असते. घट्ट भागात रक्तवाहिनीभोवती खनिजाचे थर गोलाकार बसलेले असतात. त्या मधल्या नळ्यांना क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज वैद्याचे नाव आहे, कारण त्याने १६९१ मध्ये त्यांचे वर्णन केले. सगळ्याच्या बाहेरून एक चिवट आवरण असते, ज्याला पेरिऑस्टियम म्हणतात. मुलांमध्ये ते जाड, रसरशीत आणि नवे हाड घालण्यास सदैव तयार असते. हाडाची जाडी या आवरणाखालून वाढते. लांबी मात्र तेथून वाढत नाही.

लांबी कुठून वाढते हे माणसाला कळायला बराच काळ गेला. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने, जो झाडांच्या वाढीवर प्रयोग करत असे, १७२७ मध्ये कोंबडीच्या पिलाच्या पायाच्या हाडाला दोन छिद्रे पाडली आणि पिलू मोठे झाल्यावर मोजले. हाड लांब झाले होते, पण छिद्रांमधले अंतर तेवढेच होते. म्हणजे मधला भाग ताणला जात नाही, टोकांशी भर पडते. काही वर्षांनी, १७३६ मध्ये, जॉन बेल्चियर याने नोंदवले की मंजिष्ठेच्या कुळातल्या रंगद्रव्याचा अंश असलेले खाद्य खाणाऱ्या डुकरांची हाडे तांबडी होतात. मग फ्रान्समधील द्यूआमेल याने तो रंग कधी द्यायचा, कधी थांबवायचा असे करून नव्या हाडाचे थर कुठे बसतात हे पाहिले. आपल्याकडे मंजिष्ठेने कापड आणि काढे रंगत आले, तिकडे तिने हाडाच्या वाढीचा नकाशा रंगवला, ही गंमत मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडते.

टोकाशी भर कशी पडते, हे वाढपट्टीच्या आत पाहिले की समजते. सांध्याकडच्या बाजूला सुप्त पेशींचा थर असतो. त्याच्याखाली पेशी भराभर विभागतात आणि भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक रचल्या जातात. त्याखालच्या थरात त्याच पेशी कित्येक पटींनी फुगतात, आणि हाडाची लांबी वाढण्यात या फुगण्याचा वाटा फार मोठा असतो. त्याच्याही खाली पेशींभोवतीच्या कूर्चेत खनिज साचते, दांड्याकडून रक्तवाहिन्या शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड बसते. पट्टी वर सरकत राहते, मागे हाड टाकत जाते. विभागणाऱ्या पेशींना रक्त मिळते ते टोपीच्या बाजूने, आणि हाड बनण्याच्या थराला मिळते ते दांड्याच्या बाजूने. या दोन स्वतंत्र वाटा लक्षात ठेवल्या तर पुढचे सगळे सोपे जाते.

चार थरांत सर्वांत कमकुवत थर फुगलेल्या पेशींचा, कारण तेथे पेशी मोठ्या आणि त्यांच्यामधला आधार कमी. मुलांच्या सांध्याभोवतीचे, हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध या थरापेक्षा बळकट असतात. त्यामुळे ज्या पडण्याने तीस वर्षांच्या पैलवानाचा अस्थिबंध ताणला गेला असता, त्याच पडण्याने तेरा वर्षांच्या मुलाची पट्टी सरकते. "मुरगळला असेल" हे निदान म्हणूनच मुलांच्या बाबतीत घाईने करू नये. त्यातच मुलगा वर्षात नऊ सेंटिमीटर वाढलेला. झपाट्याने उंच होण्याच्या या काळात हाडाची लांबी आधी वाढते आणि त्यात खनिज भरण्याचा वेग काही महिन्यांनी मागून येतो. मुलग्यांमध्ये मनगटाची मोड तेरा-चौदाच्या सुमारास सर्वाधिक दिसते ती यामुळे. वस्तादांच्या खडूच्या खुणा हाच धोक्याचा काळ दाखवत होत्या.

टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांचे सहकारी हॅरिस यांनी १९६३ मध्ये वाढपट्टीच्या मोडींचे पाच प्रकार मांडले. या मुलाची मोड त्यांतल्या दुसऱ्या प्रकारची होती, जो सर्वाधिक आढळतो. यात चीर पट्टीतून आडवी जाते आणि एका कडेला दांड्याचा त्रिकोणी तुकडा घेऊन बाहेर पडते. चीर फुगलेल्या थरातून गेली असल्याने वरचा, विभागणाऱ्या पेशींचा थर टोपीसोबत राहतो आणि त्याचे रक्तही शाबूत राहते. म्हणजे मूळ दुखापत तशी दयाळू असते. अशा मोडीनंतर मनगटाची वाढ कायमची थांबण्याचा संभव शंभरात पाच-सात मुलांच्या आसपास असतो.

निर्णय

वडिलांचे म्हणणे सरळ होते. हात वाकडा दिसतो आहे, मग तो सरळ करा. "परत मोडा आणि बसवा की, साहेब. वाकडा हात घेऊन पोरगं आखाड्यात कसं उतरंल?" वस्ताद काही बोलले नाहीत, ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आणि तालमीच्या माणसाचे गप्प राहणे हा होकार नसतो हे मला ठाऊक होते.

पहिल्या पाच-सात दिवसांत हाड ओढून बसवणे सोपे आणि निर्धोक असते, कारण टोपी आणि दांडा यांच्यामध्ये गोठलेले रक्त आणि मऊ ऊतक असते. दहा दिवसांनंतर तेथे नवे, खडबडीत हाड धरू लागते. आता टोपीला जोराने मागे ढकलायचे म्हणजे तिच्या पोटाशी असलेला विभागणाऱ्या पेशींचा नाजूक थर दांड्याच्या दातेरी कडेवरून खरवडत न्यायचा. तो थर एका जागी जरी मेला तरी तेथे टोपी आणि दांडा यांना जोडणारा हाडाचा पूल तयार होतो, आणि पूल बनला की त्या बाजूची वाढ थांबते. सरळ दिसणारा हात देऊन मी त्याला आयुष्यभर आखूड राहणारे हाड दिले असते. हाडवैदांनी तीनदा ओढले होतेच. चौथ्यांदा ओढणे मला मान्य नव्हते.

दुसरा प्रश्न असा की वाकडेपणा तसाच ठेवला तर पुढे काय होते. येथे रेडियसची एक गोष्ट आपल्या बाजूने असते. या हाडाची सुमारे पाऊणशे ते ऐंशी टक्के लांबी मनगटाकडच्या पट्टीतून वाढते, कोपराकडच्या पट्टीचा वाटा थोडा. मुलग्यांमध्ये ही पट्टी सोळा ते अठरा वर्षांच्या दरम्यान बंद होते, म्हणजे या मुलाच्या हाती अडीच ते तीन वर्षांची तरी वाढ शिल्लक होती. शिवाय कल मनगट ज्या दिशेने खालीवर हलते त्याच दिशेचा होता. अशा दिशेचा कल वाढीसोबत महिन्याला साधारण एक अंश या गतीने सरळ होत जातो. पीळ पडला असता तर तो असा सुटत नाही. म्हणून १८ अंश हा आकडा या वयात, या दिशेने, या पट्टीजवळ स्वीकारण्याजोगा होता. हाच आकडा सतराव्या वर्षी, किंवा कोपराकडच्या टोकाशी असता, तर माझे उत्तर वेगळे आले असते.

हे सगळे मी शास्त्रीय भाषेत सांगू लागलो आणि वडिलांचा चेहरा अधिकच गोंधळला. मग मी त्यांना विचारले की पावसात आडवा पडलेला ऊस नंतर काय करतो. ते लगेच म्हणाले, "शेंडा वर काढतोय. बुडाशी वाकडा ऱ्हातोय, पर वरचं कांडं सरळ जातंय." त्यानंतर मला फारसे बोलावे लागले नाही. ऊस आणि हाड यांत एक फरक आहे आणि तोही मी त्यांना सांगितला: उसाचा बुडाचा बाक कायम राहतो, हाडाचा राहत नाही. खोलगट बाजूला आवरणाखालून नवे हाड भरले जाते, फुगीर बाजूचे हाड खरवडले जाते, आणि वाकलेला दांडा कालांतराने सरळ दिसू लागतो. पट्टीही दोन्ही कडांनी सारख्या वेगाने न वाढता, जिकडे कमी पडले तिकडे थोडी जास्त वाढून, आपले तोंड सांध्याकडे वळवून घेते.

वस्तादांनी त्यानंतर पहिल्यांदा तोंड उघडले. त्यांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला. मनगटाशी करंगळीच्या बाजूचे हाड चांगलेच वर आलेले होते. बाराव्या-तेराव्या वर्षी पडलो होतो, म्हणाले, महिनाभर चोळून घेतले, आणि ही कुस्तीची खूण समजून तीस-पस्तीस वर्षे काढली, थंडीत दुखते. त्यांच्या परवानगीने फिल्म काढली तेव्हा रेडियस अल्नापेक्षा सात मिलिमीटरने आखूड निघाले. त्यांच्या वाढपट्टीला नेमके कशाने मारले, पडण्याने की चोळण्याने, हे आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि मी तसे काही सांगितलेही नाही. पण दोन फिल्म शेजारी लावल्यावर वडिलांनी पुन्हा मोडण्याचा विषय काढला नाही.

प्लास्टर, रक्त आणि ऊन

हाताला कोपराखाली प्लास्टर घातले, हाड होते त्याच जागी. बोटे मोकळी ठेवली आणि ती दिवसभर हलवायला सांगितले. मोडलेल्या जागी पहिल्या दिवसांत रक्त गोठते, त्यातून मऊ कूर्चेसारखा जोड तयार होतो आणि नंतर त्याचे हाड होते. प्रौढाला ज्याला सहा ते आठ आठवडे लागतात ते या वयात चार-पाच आठवड्यांत पुरे होते. तेहेतिसाव्या दिवशी प्लास्टर काढले तेव्हा दाबून पाहिल्यास दुखत नव्हते.

दरम्यान रक्ततपासणीत कॅल्शियम योग्य निघाले, पण ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला १४ नॅनोग्रॅम इतकेच होते. वीसच्या खाली ते कमी धरतात. रक्तातले कॅल्शियम योग्य आले म्हणून वडील निश्चिंत झाले, त्यांना थांबवावे लागले. शरीरातल्या कॅल्शियमचा ९९ टक्के साठा हाडांत असतो, आणि हृदय, स्नायू व मज्जातंतू यांना लागणारा उरलेला एक टक्का शरीर कोणत्याही परिस्थितीत ढळू देत नाही. आहारातून कमी पडले की हाडातून काढून रक्तात टाकते. म्हणून रक्ताचा अहवाल चांगला आणि हाडाचा खजिना रिता, असे असू शकते. सोलापूर-कोल्हापूरकडे ऊन काय कमी, असे कोणालाही वाटेल. पण हा मुलगा पहाटेच्या अंधारात मेहनत करत होता, कौलारू तालमीच्या आत लढत होता आणि दुपारभर वर्गात बसत होता. त्याच्या खुराकात म्हशीचे दूध, बदामाची थंडाई आणि तूप भरपूर होते, म्हणजे कॅल्शियम पोटात जात होते, ते आतड्यातून शोषून घेणारे जीवनसत्त्व मात्र कमी होते. गोळ्या दिल्या, आणि सुट्टीच्या दिवशी उघड्या अंगाने दुपारच्या आधीच्या उन्हात मेहनत करायला सांगितले. नाचणीची आंबील घरी होतीच. ती चालू ठेवायला सांगण्यात डॉक्टरचे काही श्रेय नाही.

पुढचे वर्ष

जत्रेतली जोड अर्थातच सुटली. मुलगा त्यामुळे रडला, हे वडिलांनी मला नंतर सांगितले.

आखाड्यात परत कधी, यावर वस्तादांशी माझी खरी वाटाघाट झाली. त्यांचे मत असे की माती आणि मेहनत यांनीच हाड घट्ट होते, घरी बसवून ठेवलेले हाड पोचट होते. हे मत अडाणी नाही. बर्लिनचे शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये नेमके हेच मांडले की हाड त्याच्यावर येणाऱ्या भारानुसार आपली रचना बदलते. भार वाढला की त्या रेषेत हाड भरते, भार गेला की ते विरळ होते. प्रौढ माणसाच्या शरीरात दरवर्षी साधारण दहा टक्के हाड जुने काढून नवे घातले जाते, आणि कुठले काढायचे, कुठे घालायचे याचा हुकूम खनिजात गाडून घेतलेल्या पेशी भाराचा अंदाज घेऊन सोडतात. फक्त हा न्याय हाडाला लागू होतो, कूर्चेच्या पट्टीला नाही. पट्टीवर सतत, एकाच कोनातून, जोराचा दाब पडत राहिला तर तिची वाढ मंदावते. जिम्नॅस्टिक करणाऱ्या लहान मुलामुलींच्या मनगटात हे चांगले ओळखीचे आहे. जोर मारताना तळहात जमिनीवर आणि मनगट पूर्ण मागे वळलेले असते, म्हणजे दाब थेट त्या पट्टीवर. बैठका मारताना मनगटावर काहीच येत नाही.

त्यामुळे ठरले ते असे: बैठका आणि धावणे प्लास्टर असतानाही चालू, मनगटाच्या हालचालीचे व्यायाम प्लास्टर काढल्यापासून, जोर तीन महिन्यांनंतर आणि तेही आधी थोडे, लढत चार महिन्यांनंतर आणि आपल्या वजनाच्या मुलाशीच. शेवटची अट वस्तादांनी स्वतःहून घातली.

तिसऱ्या महिन्यात कल १५ अंशांवर आला होता. सहाव्या महिन्याच्या फिल्मची मी खरी वाट पाहत होतो. मोठ्या दुखापतीनंतर पट्टी काही काळ मंदावते आणि त्या वेळी तिच्यामागे आडव्या हाडाची एक दाट रेघ पडते. वाढ पुन्हा सुरू झाली की पट्टी त्या रेघेपासून दूर जाते. या रेषांनाही हॅरिस यांचेच नाव आहे, पण ते मोडींचे वर्गीकरण करणारे हॅरिस नव्हेत, हेन्री हॅरिस नावाचे दुसरेच, आणि परीक्षेत मुले दरवर्षी या दोघांची गल्लत करतात. रेघ पट्टीला संपूर्ण समांतर असेल तर वाढ सगळीकडे सारखी चालू आहे. ती एका टोकाला पट्टीला जाऊन भिडत असेल तर तेथे पूल बनला आहे असे समजायचे. या मुलाची रेघ पट्टीपासून चार मिलिमीटरवर होती आणि अंगठ्याच्या कडेपासून करंगळीच्या कडेपर्यंत समांतर होती. कल ११ अंश. त्या दिवशी शिकाऊ डॉक्टरांपैकी एकाने मला विचारले की यात आपण नेमके काय केले. मी म्हटले की प्लास्टर घातले आणि हात आवरला.

वर्ष पूर्ण झाले तेव्हा कल सहा अंशांवर होता आणि रेघ पट्टीपासून आठ मिलिमीटर दूर जाऊन पुसट होऊ लागली होती. मनगट दोन्ही बाजूंना डाव्या इतकेच वळत होते, मुठीची पकड डाव्यापेक्षा अधिक होती, ड जीवनसत्त्व ३१ वर आले होते. उजवे आणि डावे रेडियस यांच्या लांबीत दीड मिलिमीटरचा फरक मात्र मोजता येतो. तो पडल्यानंतरच्या मंद महिन्यांचा आहे की मोजमापाच्या चुकीचा, हे पुढच्या फिल्म ठरवतील, आणि पट्टी बंद होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन्ही मनगटांची फिल्म काढायची असे ठरले आहे. पुढची तारीख वस्तादांनी तालमीच्या भिंतीवर, त्या मुलाच्या उंचीच्या खुणेशेजारी, खडूने लिहून ठेवली आहे.